बेकरीवाल्याचा थंड नाश्ता

लग्न होऊन आठ महिने झाले तरी सूनबाईने त्या घरात साधा चहासुद्धा केला नव्हता, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. ओट्याचा ताबा सासऱ्यांकडे होता. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस. बायको गेल्यावर घरचं रांधणंही त्यांनीच हातात घेतलं ते घेतलंच. पहिल्याच आठवड्यात सूनबाईने एकदा कांदा चिरायला घेतला, तेव्हा त्यांनी दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि अगदी मायेने म्हणाले, "असू दे. तू आपलं रंगांचं बघ."

रंगांचं म्हणजे तिची नोकरी. बाजारातल्या रंगाच्या दुकानात ती शेड मिसळायची. लोक पडद्याचा तुकडा आणत, फुटक्या कपाचा टवका आणत, जुन्या दाराची कपची आणत आणि म्हणत, "अगदी हाच पाहिजे." मग ती पांढऱ्या डब्यात थेंब थेंब पिवळा, काळा, तांबडा सोडून हुबेहूब तोच रंग काढून देई. मशीन चुकेल पण ही चुकायची नाही, असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत.

तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आला की चार दिवस, गेला की दोन-दोन महिने. त्यामुळे घरात बहुतेक वेळ सासरे आणि सून, दोघंच. दोघांचं वाईट नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. "पंखा लावू का?" "लाव." "जेवलात?" "जेवलो." एवढ्यावर दिवस निघायचा.

हिवाळा सरता सरता सासऱ्यांना ताप आला. पाच दिवसांत उतरला. ते पुन्हा बेकरीत जाऊ लागले, आणि आठवड्याभराने एके दिवशी भरदुपारीच घरी परतले. चप्पल काढता काढता म्हणाले, "धुराड्याचं काम काढलंय. काही दिवस बंद."

काही दिवसांचे सहा आठवडे झाले. धुराड्यावर एक गवंडी चढलेला कुणी पाहिला नाही. सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. ताटात वाढून घेतलेलं अर्धं तसंच राही. पुढे पुढे तर त्यांनी शिजवायचंही सोडलं. दुधात ब्रेड बुडवला की झालं. तोही बाहेरचा ब्रेड, ज्याला ते एरवी ओला पुठ्ठा म्हणायचे.

"बरं वाटत नाही का, बाबा?" ती विचारी.

"उन्हाळा आहे. भूक कुठे लागते?"

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दर उन्हाळ्यात त्यांचं असंच असतं." पण दर उन्हाळ्यात माणसाची मान सदऱ्याच्या कॉलरमध्ये अशी फिरत नाही, हे तिला दिसत होतं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. पोहायला शिकवायच्या त्या. केस ओलेच होते. त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. पांढऱ्या वाडग्यात काहीतरी जांभळट गुलाबी, दाट, आणि वर फळांच्या फोडी. "स्वयंपाकघराच्या भिंतीला मला हा रंग हवाय."

सूनबाईने रंग काढून दिला. झाकण लावताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण हे आहे काय?"

"स्मूदी बाऊल. आमच्याकडे उन्हाळाभर नाश्त्याला हेच. गॅस पेटवायचा नाही, घाम गाळायचा नाही. केळी गोठवायची, दुसरी कुठली फळं असतील ती घ्यायची, चमचा-दोन चमचे दही, आणि मिक्सरला लावायचं. दूध मात्र जास्त घालू नका, नाहीतर पाणचट होतं. चमचा उभा राहिला पाहिजे."

गॅस पेटवायचा नाही, हे सूनबाईच्या मनात बसलं. म्हणजे हे तिला जमण्यातलं होतं. येताना तिने केळी, काळी द्राक्षं आणि एक पिकलेला आंबा घेतला, आणि संध्याकाळीच केळ्यांच्या चकत्या करून एका डब्यात दाबून भरून फ्रीजरला टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सकाळचे सात वाजले होते आणि खिडकीच्या गजाला आताच हात लाववत नव्हता. सासरे खुर्चीत, ओट्याकडे पाठ करून, पेपरात डोकं घालून.

"काय चाललंय?" मागे न बघता त्यांनी विचारलं.

"स्मूदी बाऊल करतेय."

"म्हणजे?"

"फळांचं असतं. थंड. दाट. बाऊलमध्ये घालून खायचं."

"म्हणजे वाडगा ना? मग वाडगा म्हण की."

डबा उघडला तर चकत्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झालेली. सूनबाईने सुरीच्या मुठीने दोन घाव घातले, जे तुकडे निघाले ते मिक्सरच्या भांड्यात टाकले, वर द्राक्षं आणि दही घातलं आणि बटण फिरवलं. मिक्सर गुरगुरला, खडखडला, आणि चालू राहिला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. चालू मिक्सर तसाच सोडून ती दाराशी गेली.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या, हातात सासऱ्यांचे दोन सदरे. "दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतलेत गं. पण एवढे का वाळले ते? आणि बेकरी कधी उघडायची? माझ्या घरात नातवंडं पावाच्या नावाने कोकलतायत."

सूनबाई धुराड्याचं काही सांगणार, तोच मावशींनी नाक वर केलं. "काहीतरी जळतंय तुझ्याकडे."

ती धावली. पातं केळ्यात अडकून थांबलेलं, मोटर आतल्या आत घुमत होती आणि मिक्सरच्या बुडातून निळा धूर निघत होता. रबर जळल्याचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. आणि सासरे? हातभर अंतरावर बसून, धुराकडे पाठ करून, शांतपणे पेपरचं पान उलटत होते.

ती बटणाशी पोचते तोच मोटर आपोआप बंद पडली. तिने बटण बंद केलं, प्लग ओढला, खिडकी सताड उघडली. मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, वास नाही आला?"

त्यांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"एवढा धूर झालाय. मावशींना दारात आला वास. तुम्हाला नाही आला?"

"नाही आला," ते म्हणाले. मग पेपर मांडीवर ठेवून, "काहीच येत नाही. त्या तापापासून."

दारातून मावशींनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" सूनबाईने "मिक्सर तापला" म्हणून सांगितलं, सदरे घेतले आणि दार लावून आत आली. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याजवळच बसली. आठ महिन्यांत एवढ्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"धुराड्याला काही झालेलं नाही, हो ना?"

"धुराडं ठणठणीत आहे." त्यांनी कडवट हसून मान हलवली. "त्या दिवशी शंभर पाव जाळले मी. भट्टीच्या समोर उभा होतो गं. समोर! कारागीर मागून पळत आला तेव्हा कळलं. चाळीस वर्षांत घड्याळ नाही लावलं मी कधी. पाव झाला की नाकाला कळायचं. आता तोंडात घास घातला तर माती आणि भात सारखाच. बेकरीवाल्याचं नाक गेलं, हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर माझ्या हातचा पाव कोण घेईल?"

"मला सांगायचं."

"तुला काय सांगणार? तुला मी साधा कांदा चिरू दिला नाही."

यावर दोघांनाही हसू आलं. हसता हसता सासऱ्यांनी डोळे पुसले. ते धुरामुळे असावं, असं सूनबाईने ठरवून टाकलं.

"चला, तुमचा वाडगाही गेला," ती उठत म्हणाली. "मिक्सर मेला."

"मेला नाही. उलटा कर. खाली लाल बटण असेल, ते दाब. जास्त तापला की आपोआप बंद पडायची सोय असते त्याची. पण आता निवू दे जरा."

ते बोलत बसले तोवर पंधरा-वीस मिनिटं गेली होती आणि केळी अगदी हवी तेवढीच सैल झाली होती. निवलेल्या मिक्सरचं लाल बटण दाबल्यावर तो एका फेरीत सुरळीत फिरला. भांड्यातून दाट, जांभळट गुलाबी गोळा निघाला. सूनबाईने चमचा रोवून बघितला. उभा राहिला. तिने वर आंब्याच्या फोडी मांडल्या, जांभळ्यावर पिवळा, आणि वाडगा त्यांच्या हातात दिला.

"रंग झकास आहे," ते म्हणाले. पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

"काय?"

"गार आहे. आणि आंबट... आणि मागून गोड." ते जिभेने चाचपत होते. "वास नाही येत. पण काहीतरी आहे बुवा. मातीसारखं नाही लागत."

अर्धा वाडगा त्यांनी संपवला. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "पण सगळं मऊ मऊ. दाताखाली काहीतरी कुरकुरीत नको का?" सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी खाण्याच्या पदार्थात खोट काढली होती. सूनबाईला एवढं बरं वाटलं की तिने वरच्या फडताळातला ओट्सचा डबा, बदाम आणि सूर्यफुलाच्या बिया सगळं ओट्यावर आणून मांडलं.

सासऱ्यांनी कढईत ते सगळं घातलं, गॅस पेटवला आणि हात आखडला. "झालं कधी ते कसं कळणार? हे पण मी नाकानेच ओळखायचो."

"मी रंग बघते. कुठला रंग हवा ते तुम्ही सांगा."

"म्हणजे?"

"आता कसा दिसतो? कोऱ्या लाकडासारखा. तुम्हाला हवा कसा?"

त्यांनी डोळे बारीक केले. "आपल्या त्या जुन्या कपाटाच्या दारासारखा. त्याच्या बाहेरच्या नाही, आतल्या बाजूसारखा."

ती उठून कपाटाचं दार उघडून बघून आली. मग दोघं कढईवर वाकून उभे राहिले. ते ढवळत होते, ती म्हणत होती, "अजून... अजून थोडं... थांबा, आता!" त्यांनी कढई उतरवली, दोन दाणे दाताखाली फोडले. कुर्रकन आवाज आला. "बरोबर," ते म्हणाले, आणि वाडग्यात मूठभर घालून उरलेला अर्धा संपवला.

त्या दिवशी त्यांनी दुपारीही वाडगाच मागितला.

पुढचं सगळं काही चुटकीसरशी झालं नाही. डॉक्टरकडे जायला ते चार दिवस आढेवेढे घेत राहिले; शेवटी सूनबाईने "तुम्ही नाही आलात तर आज कांदा मी चिरणार" अशी धमकी दिली तेव्हा निघाले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तापानंतर असं होतं, बहुतेकांचं हळूहळू परत येतं, महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग, गुलाबपाणी आणि निलगिरी एकेक करून हुंगायचं, आणि हुंगताना तो वास आठवायचा. सासरे रोज चार बाटल्या समोर मांडून परीक्षेला बसल्यासारखे बसत. "लिंबू?" ती विचारी. "पाणी," ते सांगत.

दरम्यान सूनबाईने दुकानात बसून एक उद्योग केला. सासऱ्यांना प्रश्न विचारून विचारून तिने पावाच्या पाठीचे तपकिरी रंग मिसळले. कच्चा, होत आलेला, झालेला, कडक, आणि गेला. पाच पट्ट्या जाड कागदावर रंगवून, खाली नंबर टाकून आणल्या.

"आता पावाला ऑइलपेंट देणार का?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही भट्टीत बघा, मग पट्टीत बघा. तीन नंबर दिसला की काढा."

"चाळीस वर्षं पाव भाजतोय मी, मला पट्टी दाखवतेस?" असं म्हणत त्यांनी ती घेतली, उजेडात धरली, तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही किंचित जास्त लाल झालीये."

तिने ती पुन्हा करून आणली.

भट्टी पेटली तेव्हा त्यांनी कारागिराला खरं काय ते सांगितलं. तो बिचारा एवढे आठवडे आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मालक बोलत नाहीत, असं धरून बसला होता. पट्टी भट्टीशेजारी खिळ्याला टांगली. पहिल्या दिवशी तीसच पाव लावले. चार नंबरपर्यंत गेलेले सहा निघाले, बाकीचे सगळे तीन नंबरचे. मावशी रांगेत पहिल्या होत्या. त्यांना सासऱ्यांनी आपणहून सांगितलं, "नाक गेलंय माझं. डोळ्यांनी भाजलेत."

"मऊ आहेत ना? मग झालं तर," मावशी म्हणाल्या. "आठ द्या."

ट्रकवरून नवरा घरी आला तो एका कडक उन्हाळी सकाळी. दारातूनच त्याला दिसलं, वडील ओट्याशी उभे, बायको त्यांच्या शेजारी केळी सोलतेय, आणि दोघं मोठमोठ्याने वाद घालतायत, पपई घालायची की नाही यावरून. तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे काय? सकाळी सकाळी आइस्क्रीम?"

"आइस्क्रीम नाही रे, नाश्ता आहे," वडिलांनी त्याच्या हातात वाडगा ठेवला, वर चिमूटभर कुरकुरीत ओट्स भुरभुरले. "हिने शिकवलंय. बस आधी. प्रश्न नंतर विचार, वितळतंय ते."