मनोऱ्याच्या तीनशे पायऱ्या

“चिमाजी, तुला समदं पाठ हाय. मला सांग. नायतर उद्या गावापुढं काय बोलू मी?”

हिंदुराव असं म्हणाला तेव्हा चिमाजी अंगणात बसून सायकलची चेन पुसत होता. त्याने मान वर केली नाही. चेन पुसून कधीच झाली होती, तरी तो पुसत राहिला. चार महिन्यांपूर्वी हाच हिंदुराव गळ्यात हार घालून चिंचवड स्टेशनवर मुंबईच्या गाडीत चढला, तेव्हाही चिमाजीला पुसायला असंच काहीतरी हवं होतं. पण त्या दिवशी हात रिकामे होते आणि टाळ्या वाजवाव्या लागल्या.

दोघेही बबनराव शेठच्या बुचाच्या कारखान्यात फिटर. औषधाच्या बाटल्यांना लागणारी बुचं तिथे कापली जात. ज्या झाडांच्या सालीची ही बुचं, ती झाडं स्पेनची, म्हणून यंत्रंही तिकडचीच, सेव्हिल नावाच्या जुन्या शहरातली. पहिलं यंत्र घ्यायला शेठ स्वतः गेले होते. येताना त्यांनी एक इंग्रजी पत्रक आणलं. शहर पायी कसं पाहावं ते त्यात छापलं होतं. एक ते बारा आकडे, आकड्यांना जोडणाऱ्या ठिपक्यांच्या रेघा, आणि प्रत्येक आकड्याखाली चार ओळी. शेठनी ते टेबलावर टाकलं आणि चिमाजीने मागून घेतलं.

चिमाजी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेला. कारखान्यातल्या कारकुनाकडून कोश आणून त्याने महिनाभरात ते पत्रक सोडवलं. त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी, मंजुळाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत असताना, हा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सेव्हिल फिरत असे. नदीकाठचा सोन्याचा मनोरा. तिथून मोठं देऊळ. देवळामागे नारिंगांच्या झाडांचं आवार. मग उंच मनोरा, मग राजाचा वाडा, मग गल्ल्या. “आता पुलावरनं पल्याड कुंभारवाड्यात,” असं म्हणून तो पाटावर येऊन बसायचा, तेव्हा कुठे मंजुळाबाई ताट वाढायची. तिलाही सगळं पाठ झालं होतं, पण ती बोलून दाखवत नसे.

मग दुसरं यंत्र यायचं ठरलं आणि तिकडून पत्र आलं की एक माणूस तीन महिने शिकायला पाठवा. चिमाजीने गृहीतच धरलं. पुण्याला जाऊन, उसना टाय लावून, पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून आला. शेठनी निवडलं हिंदुरावला.

“तुझं इंग्रजी बरं आहे,” शेठ म्हणाले, “पण यंत्राच्या पात्याला हात हिंदुरावचा लागतो.”

हे खरं होतं. चिमाजीला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. खोटं असतं तर चार लोकांत बोलता आलं असतं, शेठला नावं ठेवता आली असती. खऱ्याचं काय करायचं? त्याने पत्रक हिंदुरावपुढे टाकलं, तर हिंदुराव हसून म्हणाला, “तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे की. मला कुठं वाचाया येतंय?” या चांगुलपणाने तर चिमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि आता तोच हिंदुराव समोर उकिडवा बसून सांगत होता की त्याने सेव्हिल पाहिलंच नाही.

“पयल्या रविवारी भाईर पडलो. वाट चुकलो. चार तास हिंडलो, भाषा न्हाई, काय न्हाई. शेवटी पोलिसानं आणून सोडला खोलीवर. मग म्या शपथच घेतली. कारखाना ते खोली, खोली ते कारखाना. रविवारी धोतर धुवायचं आन पडून ऱ्हायचं. आईची लई आठवण यायची.”

“तीन महिने?”

“तीन महिने. त्यो तुझा उंच मनोरा तेवढा गच्चीवरनं दिसायचा. उद्या पाटलांनी सत्कार ठेवलाय. शेठ येणार, समदा गाव येणार. आई तर नवं लुगडं काढून बसलीया.”

चिमाजीला आधी हसू आलं आणि लगेच राग आला. त्या शहरात उभं राहून हा माणूस धोतर वाळत घालत होता! त्याच्या जागी आपण असतो तर चपला झिजवल्या असत्या. नाही म्हणावं, असं ओठांवर आलं. पण कोणी आपल्याला सेव्हिल विचारावं याची तो दोन वर्षं वाट पाहत होता, आणि विचारणारा एकच निघाला. तो उठला.

“चल. चालल्याबिगर ध्यानात न्हाई ऱ्हायाचं.”

उन्हं कलली होती. पवनेच्या घाटावर चिमाजी थांबला. “ही तिथली नदी. ह्या चिंचेपाशी सोन्याचा मनोरा. सोन्याचा म्हणत्यात निस्तं, हाय दगडाचा. बारा बाजू.” मग मोरया गोसावींच्या देवळाकडे तोंड करून, “हे मोठं देऊळ समज. आत कोलंबसची कबर. चार राजं खांद्यावर पेटी घिऊन उभं हायेत, दगडाचं न्हवं, धातूचं.” हिंदुराव लहान मुलासारखा मागे मागे म्हणत होता. देवळाच्या आवारात चिमाजीने त्याला नारिंगांची झाडं दाखवली. पाणी घालायला विटांचे पाट कसे काढलेत, तेही सांगितलं. गुरवाची बायको सुभद्राबाई दिवा घासता घासता या दोघांकडे बघत राहिली.

चिमाजी रंगात आला होता. इतका की आपण कोणासाठी सांगतोय हे विसरला. तेवढ्यात हिंदुराव म्हणाला, “चिमाजी, खरं सांगू? आता वाटाया लागलंय, म्या समदं बघूनच आलोय.”

चिमाजीच्या मनात आलं, बोटीचा प्रवास याचा, हार याचा, उद्याचा फेटा याचा. आणि माझ्याकडे एवढंच होतं, तेही आता याचं झालं.

“फुडं?” हिंदुरावने विचारलं. “त्यो उंच मनोरा?”

“त्याला पायऱ्या हायेत,” चिमाजी म्हणाला. “तीनशे. त्या चढलो म्हणून सांग. दम लागला म्हण. लोकांना आवडतं.”

खरं म्हणजे त्या मनोऱ्याला अगदी वरच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्याच नाहीत. आतून सगळी फिरती चढण आहे, घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून केलेली. पत्रकात ते होतं. आणि शेठ स्वतः ती चढण चढून आलेले होते. कारखान्यात नवा माणूस आला की ते ही गोष्ट सांगत. ती हिंदुरावनेही ऐकली असणार, पण गोष्टी चालू असताना त्याचं लक्ष नेहमी यंत्रात असायचं. चिमाजीला हे नीट ठाऊक होतं.

पुढचा वाडा, गल्ल्या, पूल, सगळं त्याने बरोबर सांगितलं.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात माणूस मावेना. खुर्चीवर बबनराव शेठ, शेजारी दत्तोबा पाटील. बायकांत सगळ्यात पुढे हिंदुरावची आई अंबूबाई, नव्या लुगड्याचा पदर सारखा चाचपत. तिच्या मागे मंजुळाबाई. हिंदुरावला फेटा बांधला, नारळ दिला, आणि तो उभा राहिला.

हिंदुराव चांगलं बोलला. चिमाजीपेक्षा चांगलं बोलला. चिमाजी आकडे सांगायचा, हिंदुरावने तिथली ऊन-सावली सांगितली. नारिंगांच्या आवारात बसून आईची आठवण आली म्हणाला, तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गल्ल्या तर इतक्या अरुंद की या खिडकीतून समोरच्या खिडकीत हातावर साखर द्यावी. लोक हसले. मंजुळाबाईही हसली. दोन वर्षं ऐकताना ती एकदाही हसली नव्हती. चिमाजीने ते पाहिलं. आता सांग मनोऱ्याचं, तो मनात म्हणाला. लवकर सांग.

“मनोरा सांगायचाच ऱ्हायला,” हिंदुराव म्हणाला. “तीनशे पायऱ्या! मोजून चढलो. असा दम लागला म्हन्ता...”

मंजुळाबाईचं हसू थांबलं. तिने मान वळवून पुरुषांच्या गर्दीत चिमाजीला शोधलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. चिमाजी शाळेच्या कौलांकडे बघू लागला.

“पायऱ्या?” शेठ पुढे झुकले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. “अरे हिंदुराव, तिथे पायऱ्या कुठे आहेत? मी चढलोय ना. घोडा जाईल अशी चढण आहे. तू नक्की गेला होतास का?”

हिंदुरावने चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीला वाटलं, आता हा नाव घेणार. त्याने उत्तरही तयार केलं होतं.

हिंदुरावने डोक्यावरचा फेटा उतरवून टेबलावर ठेवला.

“न्हाई, शेठ. म्या कुटंच गेलो न्हवतो. भ्यालो. खोलीतच बसलो. हे समदं चिमाजीचं हाय. त्यानंच शिकवलं.”

“मग पायऱ्या?”

“त्या माज्या ऐकण्यात चुकल्या असतील. त्यानं बराबर सांगितलं आसंल.”

“काय म्हनाला?” अंबूबाईने शेजारणीला मोठ्याने विचारलं. “काय म्हनाला त्यो?”

पाटलांनी वेळ सावरली. “आरं, मग चिमाजी, तू ये की फुडं! घरबसल्या माहिती हाय म्हंजी कमाल झाली!” लोकांनी त्याला पुढे ढकललं. शेठही म्हणाले, “ये, ये. सांग तू.”

हेच तर त्याला हवं होतं. तो टेबलाशी उभा राहिला. शेजारी हिंदुराव हात बांधून उभा होता. चूक त्याची नव्हे, माझी, एवढंच बोलायचं होतं, आणि ते बोलायला वेळही होता. चिमाजीने घसा साफ केला आणि म्हणाला, “पायऱ्या न्हाईत. शेठ म्हणत्यात तशी चढणच हाय. पस्तीस वळणं.” शेठनी मान डोलवली. टाळ्या पडल्या. मग त्याने सगळं सेव्हिल सांगितलं, नदीपासून कुंभारवाड्यापर्यंत, एक आकडा न चुकता. शेवटी बायकांकडे पाहिलं तर मंजुळाबाईची जागा रिकामी होती. शेठ म्हणाले, “पुढच्या खेपेला तुलाच पाठवायला हवा,” आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हिंदुराव आईचा हात धरून केव्हा गेला ते कोणाला कळलं नाही.

घरी आला तेव्हा मंजुळाबाई चुलीपुढे होती. तिने एक भाकरी तव्यावरून उतरवून ताटलीत ठेवली, वर वांग्याची भाजी घातली, दुसरी भाकरी तव्यावर टाकली. चिमाजी पाटावर बसला. तिने ताटलीवर फडकं झाकलं, ती हातात घेतली आणि उठली.

“कुठं?”

“भावजींकडं. म्हातारी रडतीया. चूल पेटली नसंल त्यांची.”

“मला ठावं न्हवतं, शेठ असं मधीच...”

“दोन वर्सं आईकलंय म्या,” ती म्हणाली. “रोज.” आणि उंबरा ओलांडून गेली.

चिमाजी पाटावर बसून राहिला. लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती. पण सगळ्यात आधी त्याच्या मनात आलं ते एवढंच, की पहिली गरम भाकरी हिंदुरावला गेली. तव्यावरची दुसरी करपू लागली, तरी तो उठला नाही.