मापात बसणारं पातं

"केळं लाव, रेनो. वाकडं. सपाट हातात घेऊन काय बघत बसलायस?"

ट्रेंट मॅकॅलमने मोडकी काठी टेबलावर आदळली. दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या फटक्यात तिच्या टोकाचं पातं मधोमध चिरलं होतं. जादा काठी त्याने त्याआधीच रागारागात गोलच्या खांबावर आपटून दुमडली होती. आइस हॉकीच्या चषकाचा अंतिम सामना, तीन-तीन अशी बरोबरी. तिसऱ्या, शेवटच्या सत्राआधीच्या पंधरा मिनिटांच्या विश्रांतीतली चार उलटली होती.

रेनो लाहटी संघाचं सामान सांभाळायचा. त्याने हीटगन लावून अॅल्युमिनियमच्या दांड्याचं तोंड तापवलं, आतला गोंद सुटला तसं मोडकं पातं पकडीने उपसून काढलं. आता त्या तोंडात नवं बसवायचं होतं.

टेबलावर दोन होती. एक कारखान्यातून आलं तसंच, किंचित बाकाचं. दुसरं रेनोनेच महिन्यापूर्वी किटलीच्या वाफेवर धरून दाराच्या फटीत दाबून केळ्यासारखं वाकवलेलं. तेव्हा ट्रेंट मागे उभा राहून "अजून, अजून" करत होता. नियमाने अर्धा इंच बाक चालतो. हा चांगला पाऊण इंच होता. अशा पात्यावरून रबरी चकती जोरात उसळते, गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाते. पण समोरच्या कप्तानाने मोजायला लावलं आणि पकडलं गेलं, तर दोन मिनिटं एक गडी बाहेर.

मोडलेलं पातंही वाकडंच होतं. पण मोजायला कोणी सुरुवातीला लावत नाही. ते शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवतात. समोरच्या खाणवाल्यांच्या संघाचा कप्तान डुशेन दुसऱ्या सत्रात ट्रेंटच्या काठीकडे बघून हसला होता. ते हसू रेनोने खेळाडूंच्या बाकड्यामागून नीट पाहिलं होतं.

आठ वर्षांपूर्वी असंच एक हसू त्याने पाहिलं होतं. तेव्हाही अंतिम सामना, तेव्हाही कोणाच्या तरी लाडक्या पोराचं वाकडं पातं. ते पकडलं गेलं, चषक गेला. आणि प्रशिक्षक गार्नेट, रेनोच्या शाळेतला दोस्त, त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "पाती अदलाबदल झाली म्हण. तुझं काय जातंय?"

रेनोने म्हटलं. काय गेलं ते मग कळलं. त्याच्या गाडीच्या काचेवर केळ्यांच्या साली सापडू लागल्या. दुकानातली पोरगी त्याच्या बायकोला, लॉरेटला, म्हणाली, "आज केळी नकोत वाटतं?" लॉरेट दुकानात हसली आणि गाडीत बसून रडली. खेळाडूंच्या खोलीत प्रत्येक खुंटीवर पांढरी टेप असते, त्यावर खेळाडूचं नाव. एकतीस वर्षं ती नावं रेनो लिहीत आला. स्वतःच्या खुंटीवर त्याने कधी लिहिलं नव्हतं. त्या वर्षी कोणीतरी लिहिलं, 'केळं'. ती टेप अजून तिथंच होती.

गार्नेट आत आला. "रेनो, पोरगा मागतोय ते दे ना बाबा."

"डुशेन मोजायला लावणार."

"लावू दे. लावलंच तर..."

"तर मी म्हणायचं, चुकून लागलं."

गार्नेटने छताकडे बोट केलं. "तुझं काय जातंय रे? वर मॅकॅलमसाहेब बसलेत."

मॅकॅलमसाहेब म्हणजे ट्रेंटचा बाप, कागद गिरणीचा व्यवस्थापक. गार्नेट त्याच्याच गिरणीत मुकादम, रेनो तिथंच लाकडाच्या साली सोलण्याच्या खात्यात. प्रत्येक गावात अशी काही माणसं असतात, ज्यांचं काहीच जात नाही असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

गार्नेट गेला. रेनोने सरळ पातं उचललं. टोकाला गोंद लावला, दांड्यात ठोकून बसवलं, बर्फाच्या चुऱ्यात थंड केलं, काळी टेप गुंडाळली. टेपला एक सुरकुती पडू दिली नाही. भोंगा वाजला तेव्हा काठी ट्रेंटच्या हातात दिली.

"हे काय?" ट्रेंटचा चेहरा लाल झाला. "म्हाताऱ्या, आंधळा झालास का?"

"आता बदलायला वेळ नाही. खेळ."

"हरलो ना, तर तुला सोडणार नाही."

सामना संपायला नऊ मिनिटं असताना डुशेन रेफरीपाशी गेला आणि ट्रेंटच्या काठीकडे बोट केलं. बाराशे माणसं उठून उभी राहिली. रेफरीने खिशातून माप काढून पात्याला लावलं. एकदा. उलटं करून पुन्हा एकदा. पातं मापात आहे हे रेनोला ठाऊक होतं, तरी तो मान उंच करून बघत होता. रेफरीने काठी ट्रेंटला परत दिली आणि हात डुशेनच्या संघाकडे केला. खोटा आळ घेतला की शिक्षा आळ घेणाऱ्याला. दोन मिनिटं त्यांचा गडी बाहेर!

सगळं मैदान उसळलं. गार्नेटने रेनोच्या पाठीत धपाटा घातला, "जिंकवलंस रे केळ्या!"

मिनिटभरात चकती ट्रेंटकडे आली. गोलरक्षक आडवा पडलेला, समोर गोल उघडा. ट्रेंटने सवयीने मनगट वळवलं, वाकड्या पात्यावर वळवतात तसं. चकती खांबावर टणकन आदळली आणि परत आली. सामना संपायला दोन मिनिटं असताना डुशेनने गोल केला. चार-तीन. संपलं.

खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मॅकॅलमसाहेब ओव्हरकोटासकट आत आला.

"ते पातं कोणी लावलं?"

गार्नेट पुढे झाला. "साहेब, दोन्ही शेजारी पडली होती. रेनोची जरा गडबड..."

"गडबड नाही झाली," रेनो म्हणाला. तो मॅकॅलमसमोर येऊन उभा राहिला. "गडबड नाही झाली. मागच्या खेपेलाही झाली नव्हती. तेव्हा गार्नेटने सांगितलं म्हणून मी खोटं बोललो. आज मी बघून, निवडून लावलं. मापात बसणारं."

गार्नेट बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"सामानखोलीची किल्ली ठेव आणि जा," मॅकॅलम म्हणाला.

रेनोने किल्ली टेबलावर ठेवली, वाकड्या पात्याशेजारी. मग आपल्या खुंटीपाशी जाऊन 'केळं' ओरबाडून काढलं. पांढऱ्या टेपची नवी पट्टी फाडली, मार्करने लिहिलं, 'रेनो लाहटी'. बाकीच्यांची नावं लिहायचा तशाच अक्षरात. ती चिकटवली, अंगठ्याने दाबून दोन्ही टोकं बसवली.

मग त्या खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि तो निघाला.