हललेला फोटो

आमच्या ह्यांनी काढलेल्या फोटोंच्या दोन ट्रंका घरात आहेत. त्यांत चांदबीबीचा महाल आहे, सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा. तिसगावच्या बाजारातले बैल आहेत. कोल्हारची प्रवरा आहे. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या झुंबरबाईचा सुरकुतलेला चेहरा आहे, त्याला तर पुण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. नाही तो फक्त आमच्या नीलाचा चेहरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमच्या घराकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असेल.

हे कचेरीत कारकून. पगार कारकुनाचा आणि नाद जहागिरदाराचा. लढाई सुरू झाल्यावर कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटची बदली झाली, त्यानं आपला जर्मन कॅमेरा विकायला काढला आणि ह्यांनी घेतला. कसा घेतला ते सांगत नाही. तेव्हापासून माझ्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या आहेत, एवढंच.

मग दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक सुरू झाली. शाळेत ड्रॉइंग शिकवणारे शामकांत, कोल्हारचे बागाईतदार आप्पासाहेब आणि हे. आपापले फोटो सतरंजीवर मांडायचे आणि वाद घालायचे. छाया कुठे पडली, आभाळ का पांढरं आलं, कुठली फिल्म चांगली. फोटो काढताना कॅमेरा थरथरला किंवा समोरचं माणूस हललं की फोटो पुसट येतो, त्याला हे लोक ‘हलला’ म्हणत. ‘हलला’ म्हटलं की तो फोटो संपला. मग त्यात साक्षात ब्रह्मदेव का बसलेला असेना.

पण खरा वाद भिंगाचा. ह्यांचं भिंग जर्मन, शामकांतांचं विलायती.

“तुमचं विलायती भिंग म्हणजे चष्म्याची काच हो,” हे म्हणायचे.

“सुमंतराव, लढाईत कोण जिंकतंय ते बघा आणि मग बोला,” शामकांत म्हणायचे.

मी चहा घेऊन गेले की तिघेही गप्प बसायचे. मी परत फिरले की पुन्हा भिंग. जळलं मेलं ते भिंग, असं मी चुलीपाशी बसून कितीदा म्हटलं असेल.

आमची नीलांबरी तेव्हा आठ वर्षांची. बैठकीत दाराशी उभी राहून सगळं ऐकायची. “बाबा, माझा काढा ना,” असा तिचा धोशा चालू असायचा.

“अगं, फिल्म कुठे मिळतेय? लढाई चाललीय,” हे म्हणायचे. “आणि तू काय, घरातच आहेस. तुझा कधीही काढता येईल.”

फिल्मला मात्र हात लावायची तिला बंदी होती. एकदा हे फिल्मची कापलेली पट्टी बंबात टाकून तिला म्हणाले, “बघ.” भपकन केवढी पिवळी ज्योत उठली! “म्हणून फिल्मशी खेळायचं नाही,” ह्यांनी बजावलं. नीलानं टाळ्या वाजवल्या.

थंडीतल्या एका रविवारी भिंगांचा एकदाचा निकाल लावायचं ठरलं. चांदबीबीच्या महालावर ऊन स्वच्छ असतं, म्हणून तिघे तिकडे निघाले. ह्यांनी नीलाला म्हटलं, “चल, तुलाही नेतो फोटो काढायला.”

मी काय समजायचं? नीलानं तरी काय समजायचं? मी तिला खणाचं परकर-पोलकं घातलं, दोन वेण्या घातल्या, त्यांत अबोली माळली. समोरचा दात पडला होता म्हणून ती आरशात बघून तोंड मिटून हसायची तालीम करत होती.

दुपारी परत आली तेव्हा हिरमुसलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, “मला पेपर धरायला लावला.”

झालं होतं असं. भिंगाची परीक्षा वर्तमानपत्रावर घेतात म्हणे. ज्या भिंगातून बारीकातली बारीक अक्षरं वाचता येतील ते भिंग चांगलं. महालाच्या डोंगरावर पेपर टांगायला खिळा कुठला? वारा तर उभं राहू देत नव्हता. म्हणून नीलाच्या हातात उघडलेला पेपर दिला आणि तोंडासमोर ताणून धरायला लावला. ह्यांनी चार फोटो काढले, शामकांतांनी चार. माझ्या लेकीला एका फोटोपुरती फिल्म मिळत नव्हती, पेपरला आठ फोटोंची मिळाली.

“आणि शेवटच्या फोटोला हलली,” हे मागून ओरडले. “एक अख्खा फोटो वाया घालवला हिनं!”

“वारा आला, पेपर फडफडायला लागला,” नीला मला हळूच म्हणाली. “मी खाली केला. शामकाकांना विचारलं, झालं का? तेवढ्यात खटका वाजला.”

पुढच्या रविवारी सतरंजीवर ते सात फोटो मांडले गेले. आप्पासाहेब न्यायाधीश. पेपराच्या खालच्या कोपऱ्यात बाळघुटीची जाहिरात होती, तिची अक्षरं मुंगीएवढी. ती वाचण्यासाठी तिघेही काच लावून फोटोंवर ओणवे झाले होते. नीला मध्ये घुसली आणि म्हणाली, “मी कुठेय?”

“ही काय, बोटं दिसतायत की,” आप्पासाहेब म्हणाले आणि सगळे हसले. नीला हसली नाही. जर्मन भिंग जिंकलं. त्या दिवशी हे दोन पोळ्या जास्त जेवले.

उन्हाळ्याच्या तोंडावर नीलाचा घसा धरला. आधी आम्हाला पडसं वाटलं. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून आत बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घटसर्प. त्यावरचं इंजेक्शन नगरात नव्हतं, लढाईमुळे सगळं औषध तिकडे जात होतं. पुण्याला तार केली, माणूस पाठवला. माणूस इंजेक्शन घेऊन परत आला तेव्हा नीलाला गरज उरली नव्हती.

तिला बाहेर नेण्याआधी कुणीतरी म्हणालं, “सुमंतराव, एक फोटो घेऊन ठेवा.” आणि हे खरंच कॅमेरा घेऊन आले. मी खोलीचं दार लावून घेतलं. जिवंतपणी तिच्यासाठी फिल्म नव्हती, आता कुठून आली? आता ती हलणार नव्हती म्हणून?

रोग पसरू नये म्हणून तिचं सगळं जाळायला सांगितलं होतं. परसात ह्यांनी गादी जाळली, खणाचं परकर-पोलकं जाळलं. शेवटी तिचा पुठ्ठ्याचा खोका टाकला, सागरगोटे, बाहुली आणि काय काय जमवलेला. मी मागच्या दारात उभी होते. खोका धुमसला आणि एकाएकी त्यातून भपकन पिवळी ज्योत उठली. हे दोन पावलं मागे सरकले.

“काय होतं ते?” मी विचारलं.

“फिल्म असेल. माझ्या कापलेल्या पट्ट्या उचलून ठेवत असणार,” हे म्हणाले. “किती वेळा सांगितलं होतं तिला.”

महिन्याभरानं झुंबरबाई भांडी घासता घासता म्हणाली, “बाई, पोरीचा एकबी फोटू न्हाई व्हय? मह्या थोबाडाचा काढला सायबांनी, आन् पोरीचा न्हाई?”

नीलाचा चेहरा मला आठवत होता, पण आठवता आठवता कुठेतरी सुटायला लागला होता. हनुवटी कशी होती? भुवया जुळलेल्या होत्या की नाही? आईला हे विचारावं लागतं, यापरता नरक कुठला असेल? आणि मग एकदम मला तो आठवा फोटो आठवला.

रविवारी शामकांत आले. बैठक आता नावापुरतीच होती, दोघे नुसते बसून राहायचे. मी सरळ बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“शामभाऊजी, महालावरचा तुमचा शेवटचा फोटो. हललेला. तो मला द्या.”

शामकांतांनी मान खाली घातली. “वहिनी, हललेल्या फोटोची प्रिंट कोण काढतो? कागदसुद्धा मिळत नाही.”

“मग निगेटिव्ह द्या. हे काढतील प्रिंट.”

“निगेटिव्ह...” ते अडखळले. “नीला निकालाच्या दिवशी माझ्यामागे लागली होती. मी आहे ना त्यात, मग मला द्या, म्हणाली. मी तेवढं कापून दिलं. बाबांना दाखवू नकोस म्हटलं, रागावतील. खोक्यात लपवते म्हणाली.”

ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या ज्योतीसमोर आम्ही दोघेही उभे होतो.

“पुसट होता ना पण फोटो?” हे कसंबसं म्हणाले. “हलला होता ना?”

“पेपर हलला होता, सुमंतराव,” शामकांत म्हणाले. “पोर स्वच्छ आली होती. तोंडभर हसत होती. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात, ते बघून तर किती वेळ हसली. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मी तो बाद केला.”

हे उठून परसात गेले. राख केव्हाच उडून गेली होती, नुसता काळा डाग राहिला होता. तिथे ते अंधार पडेपर्यंत बसले. मी त्यांना बोलवायला गेले नाही. मला त्यांची कीव येत नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, आणायचीही नव्हती.

त्या सात फोटोंपैकी एक मी ट्रंकेतून काढून देवापाशी ठेवला. पेपर, त्याच्या दोन्ही कडांना दोन अंगठे, खाली परकराचा काठ आणि अनवाणी पावलं. उजव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याचा वण आहे. तो अगदी स्पष्ट आला आहे. जर्मन भिंग आहे ना.

आणखी काही दिवसांनी हे सकाळी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “जरा उजेडात बस,” म्हणाले. “तुझा एक काढून ठेवतो. आपल्याकडे तुझाही नाही.”

मी हात पुसले, खिडकीपाशी पाट घेतला आणि बसले. ह्यांनी मान खाली घालून कॅमेऱ्यात बघितलं, भिंग फिरवलं. कोनाड्यात कालचा पेपर होता. तो मी घेतला, उघडला आणि तोंडासमोर ताणून धरला.

“काढा,” मी म्हणाले. “मी हलत नाही.”

माझे हात दुखायला लागले तरी खटका वाजला नाही.