त्रास किती, ते मी सांगायचं

मी जालिंदर. इकडं आखातात हमद पोर्टवर जहाजातून कंटेनर उतरवणारी क्रेन चालवतो. बारा मजले उंचावर केबिन, पायाखाली काचेची फरशी. त्या काचेतून खाली बघत, कमरेत वाकून, चाळीस फुटी पेटी ट्रेलरवर अशी ठेवायची की ड्रायव्हरला धक्का कळू नये. अकरा वर्षं झाली, माझ्या हातून एक पेटी घासलेली नाही. विचारा कुणालाही. बढाई म्हणा, मला काय त्याचं!

तर अशा मला मागच्या महिन्यात खाली उतरवलं. माझ्यानंतर पाळीवर येतो तो शिवराज, आमच्या बीडकडचाच. त्यानं मला केबिनमध्ये छाती धरून बसलेलं पाहिलं आणि सरळ सुपरवायझरला सांगितलं. मी त्याला असा फैलावर घेतला! "अरे, नुसतं जळजळतंय!" तर म्हणतो, "दादा, वर काही झालं तर मी वहिनींना काय तोंड दाखवू?" घ्या!

कंपनीनं साफ सांगितलं. छातीत दुखतं ते कशानं, हे डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय क्रेन नाही. कारण सापडलंच नाही तर खाली यार्डात काम, कायमचं. क्रेन गेली तर जालिंदर राहतो कुठं?

हृदय तपासलं, पट्ट्यावर पळवलं. ठणठणीत. मग तोंडातून कॅमेरा घातला. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन डॉक्टर रिफत यांच्यासमोर बसलो. बाजूला सिस्टर सिसिलिया, वसईच्या. मराठी बोलणारं माणूस म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. अन्ननलिका एकदम स्वच्छ निघाली.

"बघा, काही नाही! लिहा फिट," मी म्हणालो.

"तकलीफ कितनी होती है?" डॉक्टरनी त्यांच्या तोडक्या हिंदीत विचारलं.

"कुछ नहीं, सर. एकदम ओके."

त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. डॉक्टरनी पेन खाली ठेवलं. सिस्टर मात्र भडकल्या.

"जालिंदरभाऊ, जरा ऐकाल का? पोटातलं आम्ल थोडंफार सगळ्यांचंच वर येतं. त्याचा माणसाला त्रास होतो, नाहीतर त्यानं आत इजा होते, तेव्हाच त्याला आजार म्हणतात. इजा असली की सोपं असतं. जखम पाच मिलिमीटरच्या आत असली तर ए ग्रेड, त्याहून लांब असली तर बी. नळीच्या आतल्या अस्तराच्या एका घडीवरून दुसऱ्या घडीवर पसरली तर सी, आणि नळीचा पाऊण घेर व्यापला की डी. तुमच्या नळीत एकही जखम नाही. पुष्कळांच्या नसते. त्यांचा आजार कॅमेऱ्याला दिसत नाही, तो त्यांनी सांगायचा असतो. आणि तुम्ही म्हणता काही नाही! मग डॉक्टर काय लिहिणार, कारण सापडलं नाही?"

मला रागच आला. त्रास होतो, हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही. वडील बोलले नाहीत, मी बोललो नाही. इथं खोलीवर सहा जण राहतो, तिथंही असं बोलणं हसण्यावारी जातं. सत्यभामेला, बायकोला, फोनवर अकरा वर्षं एकच सांगतोय, मजेत आहे. आता दोन परक्या माणसांपुढं रडगाणं गाऊ?

पण यार्ड डोळ्यांपुढं आलं.

"होतो," मी म्हणालो.

"काय होतो?"

"त्रास होतो, सिस्टर."

आणि मग थांबताच येईना. आठवड्यातले पाच दिवस होतो. वाकलो की पोटापासून घशापर्यंत आग, तोंडात आंबट पाणी. दोन वर्षं झाली, बॅगेला टेकून बसूनच झोपतो. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. एकदा पेटी हवेत असताना अशी कळ आली की डोळ्यांना धारा लागल्या. दिसेना. खाली माणूस उभा होता. पेटी तशीच धरून ठेवली, हलू दिली नाही. हे बोलताना आवाज फाटला माझा. खोटं कशाला सांगू?

सिस्टर एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होत्या, डॉक्टर लिहीत होते. आठ आठवडे गोळ्या, जेवणावर लगेच वाकायचं नाही, आराम पडला की क्रेन. नाहीच पडला तर नाकातून बारीक नळी घालून दिवसभराचं आम्ल मोजायचं. मग सिस्टरनी कागद वाचून दाखवला. जखमा नसलेला रिफ्लक्सचा, म्हणजे आम्ल वर येण्याचा आजार. आधार, रुग्णानं स्वतः सांगितलेला त्रास.

"पुन्हा वाचा," मी म्हणालो.

त्यांनी वाचला. अकरा वर्षं या देशात माझ्याबद्दल जे काही लिहिलं गेलं, ते मशीननं मोजून नाहीतर साहेबानं बघून. नुसतं मी सांगितलं म्हणून डॉक्टरनं लिहिलं आणि खाली सही ठोकली, असा हा पहिलाच कागद. मी छाती काढून बाहेर पडलो. ती अजून जळत होती, तरी.