उतारावरचं गवत

मी माळीण आहे आणि माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. टेकाडावरच्या बंगल्याची बाग मी अकरा वर्षं राखत होते. उताराच्या पायथ्याशी आमचं घर, आणि घराला लागून आमची विहीर. पूर्वी बंगल्याच्या हिरवळीला टाकलेलं खत पावसाबरोबर थेट विहिरीत उतरायचं. पाणी तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "तान्ह्या बाळाला हे चुकूनही देऊ नका. उकळलं तरी खत जात नाही यातलं." मग खत वरच अडावं म्हणून मी बागेच्या खालच्या कडेला उंच गवताचा, झुडपांचा रुंद पट्टा वाढवला. खत निम्म्यावर आणलं. आभाळ भरून आलं की पोत्याला हात लावत नव्हते. तीन वर्षांनी पाणी स्वच्छ निघालं. आता नात दोन महिन्यांची आहे, आणि तिचं वरचं दूध आम्ही त्याच पाण्यात कालवतो.

परवा मालकांकडे पाहुणे यायचं ठरलं आणि त्यांना एकदम बाग देखणी करायची हौस आली.

"ते खालच्या कडेचं रान काढून टाका. आणि हिरवळीला दुप्पट खत मारा."

"साहेब, पाऊस येतोय. सगळं आमच्या विहिरीत जाईल."

"बाई, बाग माझी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाग तुमची, आणि घाण आमची? खुरपं तिथंच टाकलं आणि तरातरा निघून आले. घरी काही बोलले नाही. म्हटलं, बसा आता बोंबलत! माझ्याशिवाय त्या उताराला हात लावणार कोण?

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत काम विचारायला गेले. दुपारी पाऊस कोसळला. परत येऊन बघते तर उतार पार भादरलेला, आणि मातीचा लोट सरळ खाली चाललेला. मी तशीच भिजत वर धावले.

"माझ्यावर काय ओरडता?" मालक म्हणाले. "तुमच्याच मुलानं केलंय. गुणी आहे हो पोरगा."

लेक गवताचे भारे रचत होता. एरवी ट्रकवर असतो, आठवडा-आठवडा घरी नसतो. मला बघून हसला.

"आई, सकाळी घरी आलो तर साहेबांचं बोलावणं आलेलं. त्यांना समजावलं मी. म्हटलं, तिच्या रागाचं मनावर घेऊ नका, काम मी उरकतो. तुझी नोकरी वाचली बघ!"

"खत?"

"दोन पोती. पावसाआधी संपवायचं म्हणून नुसती धावपळ केली."

"अरे गाढवा! मी भांडले कशासाठी?"

"तू रोजच भांडतेस, आई. म्हटलं, झाडं कापलेली तुला खपत नाहीत."

"आणि विहीर?"

"विहिरीचं काय? ती तर आपण उपसली म्हणून साफ झाली ना?"

अकरा वर्षं मी जगाला तोंड भरून शिव्या दिल्या, पण पोटच्या पोराला धड दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं. ते तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. माझ्याआधी तोच उतारावरून पळत सुटला.

घरात सून नुकतंच शेंदलेलं पाणी बाटलीत ओतत होती. मी बाटली हिसकावून घेतली. नात दचकून किंचाळली. तिला उचलायला लेक पुढं झाला. कोपरापर्यंत त्याचे हात खताच्या चिखलानं माखले होते.

"आधी हात धू!" मी ओरडले.

तो दारातच थांबला.

"कुठल्या पाण्यानं, आई?"