माझ्या तोंडातलं हिरवं गवत

मी हरीद उंटिणीच्या गळ्यातली घंटा बोलतेय. खरं तर मी बोलायचंच नाही, असं ठरलं होतं. पण लाकडाची असले तरी माझ्या पोटात दोन जिभा आहेत, त्याला मी काय करू?

सगल चालायला लागली त्या वर्षी तिच्या वडिलांनी, दिरियेने, मला कोरलं. हरीद डोलायची, मी ठक्-टोक करायची, सगल टाळ्या पिटायची. मग नुगालच्या माळावर पाऊस यायचाच थांबला. विहिरी आटल्या, पाठोपाठ हरीदचं दूध आटलं. सगलचा तान्हा भाऊ रडायचा, तेही अगदी बारीक आवाजात.

मग एके दिवशी लांब वीज चमकली. दिरिये तिकडे पळाला आणि परतला तो नाचतच. "तळं! काठाला गवत!" लगेच आवाज खाली आला. "सगल, घंटेचं तोंड बांध. एब्लाआत्याच्या वस्तीला कळलं, तर तिचे उंट चिखलसुद्धा चाटून टाकतील."

जाताना सगलने माझ्यात चिंधी कोंबली. येताना पाण्याची पखाल गळू लागली. चिंधी तिथे गेली आणि माझ्या तोंडात मूठभर हिरवंगार गवत! उपाशी उंटांच्या मधोमध!

एब्लाच्या वस्तीजवळून आम्ही दबकत निघालो होतो. हरीदच्या पिल्लाने मान पुढे घातली, आणि एका घासात माझं तोंड मोकळं. ठक्-टोक, ठक्-टोक! आता कोण थांबतंय?

एब्ला काठी टेकत आली. "काय रे दिरिये, कुठून?"

"असंच, आत्या. फिरायला."

"आणि पिल्लाचे ओठ हिरवे? रंगवलेस होय?"

सगल फिस्सकन हसली. दिरियेने कपाळाला हात लावला. "आत्या, तळं लहान आहे गं. माझं लेकरू..."

"त्याचं रडणं माझ्याही कानावर आलंय. माझी एक उंटीण अजून दूध देतेय. तू तळं दाखव आणि भांडं घेऊन ये, वेड्या!"

आता दोन्ही वस्त्या तळ्यावर आहेत. पाणी निम्म्यावर आलंय, पण बाळाला दुधाच्या मिशा फुटल्यात आणि ते कसलं खणखणीत रडतं! आज दिरियेला आणखी एक तळं सापडलंय. कुणाला सांगायचं नाही, असं या वेळी एब्लाच म्हणाली. पण तुमचे उंट तहानलेले असतील तर खुशाल या. सूर्य उगवतो तिकडे चालत राहा. दोन लाल टेकड्या लागतील, त्यांच्या...

"हरीद, चल गं! निघालो!" सगलची हाक आली.

आले, आले! अगं, हातात काय तुझ्या? पुन्हा गवत? थांब ना! तर, त्या टेकड्यांच्या डाव्या