हेबडनचा खुलासा

विल्फ्रेड हेबडन आणि जॉसलिन फेन यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य व्हिएन्नातल्या सगळ्या वेटरांना ठाऊक होतं. दोघंही लंडनच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार. एकाच कॅफेत, एकाच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे, कारण लंडनचे पेपर तिथेच यायचे आणि टेलिफोनची खोली तिथून चार पावलांवर होती. फेन 'मॉर्निंग रेकॉर्डर'चा. त्याचा मामा पार्लमेंटात, आणि त्याचं स्वतःचं आठवड्यातलं निम्मं जेवण कुठल्या ना कुठल्या मंत्र्याकडे. हेबडन 'डेली बीकन'चा. त्याचा बाप यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरणीत मुकादम होता, आणि हे फेन कुणाला विसरू द्यायचा नाही.

"या, गिरणीवाले या," हेबडन आत शिरला की फेन म्हणायचा. "बसा. कोट नीट झटका हं, लोकर उडते."

"आणि तुमच्या बातमीला कालच्या मटणाचा वास येतोय," हेबडन म्हणायचा. "मंत्री शिंकला की बातमीही तुम्हीच देता आणि नाकही तुम्हीच पुसता."

टेबलावरचे बाकीचे हसायचे. हे दोघं मात्र हसत नसत.

हेबडनचा उजवा हात म्हणजे पाउल श्टिगलर. हा खुद्द व्हिएन्नाचा पत्रकार. त्याचं मजुरांचं वर्तमानपत्र सरकारने सेन्सॉर लावून पार पंगू करून टाकलं होतं, म्हणून तो हेबडनसाठी बातम्या काढायचा, माणसं गाठून द्यायचा आणि वर शिव्याही द्यायचा. "तुझं जर्मन ऐकून टांग्याचे घोडे बिथरतात," तो म्हणायचा, "पण तू निदान लोकांच्या जिन्यांवरून चढतोस. तो फेन फक्त गालिच्यांवरून चालतो." पाउल आणि त्याची बायको मिना नगरपालिकेने मजुरांसाठी बांधलेल्या एका अवाढव्य चाळीत राहायचे. तीन वर्षांत हेबडन त्यांच्या स्वयंपाकघरात इतक्यांदा जेवला होता, की मिना त्याला विचारल्याशिवायच वाढायची.

चौतीस सालच्या फेब्रुवारीत एका सोमवारी शहरातली वीज गेली आणि ट्रामगाड्या जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. मजुरांनी संप पुकारला होता. सरकारने फौज बाहेर काढली होती. हेबडन चालतच पाउलच्या वस्तीकडे निघाला. पोलिसांनी वाटेत त्याला दोनदा परत फिरवलं. शेवटी तो रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे गेला आणि एका दुधाच्या दुकानात अडकून पडला. दुकानाची मालकीण काउंटरखाली बसून जपमाळ ओढत होती. खिडकीतून समोर ती चाळ दिसत होती, आणि रस्त्याच्या टोकाला तोफा.

चाळीतून बंदुका चालत होत्या, हे खरं. पण तोफा काही बंदुकांवर लागल्या नव्हत्या. तोफा भिंतींवर लागल्या होत्या, आणि भिंतींमागे घरं होती. एका गोळ्यासरशी तिसऱ्या मजल्याची भिंत खाली आली आणि हेबडनला एक अख्खं स्वयंपाकघर दिसलं. चूल, कपाट, खुंटीवरचा एप्रन. तिथे कुणी नव्हतं. शेजारच्या घरात एक बाई होती. तिला त्याने पाहिलं, मग धूर झाला, आणि धूर विरल्यावर ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कसाबसा लंडनचा फोन मिळवला आणि जे पाहिलं ते सांगून टाकलं. 'बीकन'ने ते पहिल्या पानावर छापलं.

'रेकॉर्डर'नेही छापलं. त्यांच्या व्हिएन्नाच्या बातमीदाराने खात्रीने कळवलं होतं की फौजेने केवळ धाक बसवण्यासाठी दारू नसलेले दोनचार गोळे टाकले, कुटुंबं आधीच सुखरूप बाहेर काढली होती, आणि याउलट येणाऱ्या बातम्या या घाबरट लोकांच्या कल्पना होत्या.

हेबडनने तो अंक फेनच्या ताटात, थेट अंड्यावर, आपटला.

"घाबरट कोण रे?"

फेनने अंक दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "नाव घेतलंय का मी तुझं? अंगाला का लावून घेतोस?"

"तू कुठे होतास सोमवारी?"

"बातमी जिथे असते तिथे."

"म्हणजे जेवायला!"

"हेबडन, तू एक खिडकी पाहिलीस. मी सरकारशी बोललो. उद्या हे सरकार पडलं तर पलीकडून बर्लिनचे गुंड येतील. त्यांच्यापेक्षा हे बरे, एवढं तुझ्या गिरणीच्या डोक्यात शिरत नाही का?"

"माणसं मेली, फेन."

"माणसं रोज मरतात," फेन म्हणाला आणि वेटरला दुसरं अंडं आणायला सांगितलं.

गुरुवारी सकाळी मिना श्टिगलर हेबडनच्या बिऱ्हाडी आली. डोक्याला रुमाल, अंगावर कुणा दुसऱ्याचाच कोट. दोन रात्री तिने तळघरात काढल्या होत्या. आल्या आल्या ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पाउलला नेलं."

हेबडनने तिच्यासाठी चहा ओतला. तिने कप दोन्ही हातांत धरला.

"त्याच्या हातात बंदूक नव्हती हो. जखमींना उचलत होता. पण तो पेपरवाला, आणि तोंड असं! पकडणाऱ्यालाच कसाई म्हणाला. आता झटपट निकाल लावणाऱ्या त्या खास कोर्टापुढे उभा करणार. त्या कोर्टाने फाशी द्यायला सुरुवात केलीय, हेबडनसाहेब. काल एकाला तर स्ट्रेचरवरून नेऊन लटकावलं."

"मी वकिलातीत जातो."

"तो इंग्रज नाही. वकिलात काय करणार?" तिने कप खाली ठेवला. "तो तुमचा दुसरा साहेब आहे ना, मंत्र्यांकडे जेवणारा. त्याला सांगा."

हेबडनला त्या क्षणी कुणी तोफेसमोर उभं राहायला सांगितलं असतं तर ते सोपं गेलं असतं. पण त्याने टोपी उचलली.

फेनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे टोमणा मारला नाही, आणि त्यामुळेच हेबडनला जास्त अपमान वाटला. संध्याकाळी फेन निरोप घेऊन कॅफेत आला.

"सोडतील म्हणतात. पण फुकट नाही."

"काय हवंय?"

"'बीकन'मध्ये खुलासा. तुझ्या नावाने. आधीची बातमी गोंधळात आणि ऐकीव माहितीवर दिली गेली, वस्तीवर तोफा डागल्याचं सिद्ध होत नाही. एवढंच. शनिवारी छापून आलं की रविवारी तुझा माणूस बाहेर."

"ही अट कुणाची? त्यांची की तुझी?"

"त्यांची. मी फक्त निरोप्या."

"आणि तुला आनंद होतोय."

फेनने क्षणभर विचार केला. "थोडा होतोय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

हेबडनचा हात दगडाखाली सापडला होता. तो परत बिऱ्हाडी आला. मिना त्याच खुर्चीवर होती. त्याने तिला अट जशीच्या तशी सांगितली.

"लिहा," ती म्हणाली.

"मिना, त्या चाळीतल्या माणसांचं काय? तुमच्या शेजाऱ्यांचं? उद्या जग म्हणेल काही झालंच नाही."

"माझ्या शेजारणीला मी स्वतः चादरीत गुंडाळलं. मला सांगू नका काय झालं ते. लिहा."

"पाउल मला कधी माफ करणार नाही."

"न का करेना. जिवंत राहून रागावू दे त्याला." मग तिने पहिल्यांदाच मान खाली घातली. "पण मी सांगितलं हे त्याला कळता कामा नये. तो मला सोडून जाईल."

'बीकन'चा परराष्ट्र संपादक पेटिग्रू हा म्हातारा स्कॉटिश माणूस. फोनवर त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

"विल्फ्रेड, तुझी पहिली बातमी खोटी होती?"

 लाइनवर कुणीतरी ऐकत होतं. त्याचा श्वास मधूनमधून स्पष्ट ऐकू येत होता.

"मी सांगतोय ते छापा," तो शेवटी म्हणाला.

"अरे बाबा, बातमीदाराने शब्द एकदा गिळला की लोक त्याचा दुसरा शब्द ऐकत नाहीत. कळतंय का तुला?"

"कळतंय. छापा."

शनिवारी खुलासा छापून आला. सोमवारी 'रेकॉर्डर'ने तो चौकटीत उद्धृत केला आणि वर अग्रलेखात लिहिलं की आमच्या सहव्यवसायी मित्राने उशिरा का होईना, प्रामाणिकपणा दाखवला.

पाउल खरंच रविवारी सुटला. त्याच दिवशी मिनाने त्याला कॅफेच्या बाजूला फिरकूही न देता गावाबाहेर काढलं. बर्फाळ शेतांतून, आणखी काही पळून जाणाऱ्यांबरोबर, दोघं सरहद्द ओलांडून चेक मुलखात ब्रनोला पोचली. तिथे त्यांच्यासारख्यांची सोय होत होती. पत्ता कळताच हेबडन पहिल्या गाडीने गेला.

खोली एका छापखान्याच्या वर होती. दार पाउलनेच उघडलं. त्याच्या भुवईवर टाके होते आणि डावा कान काळानिळा झाला होता. त्याने हेबडनला आत घेतलं नाही.

"काय आणलंस? आणखी एक खुलासा?"

"पाउल..."

"कोठडीत आम्ही चौदा जण होतो. रोज एकमेकांना सांगायचो, की बाहेर एक माणूस आहे, त्याने पाहिलंय, त्याने छापलंय, लंडनला कळलंय. त्यावर तग धरून होतो आम्ही. मग पहारेकऱ्याने येऊन तुझा खुलासा वाचून दाखवला. मोठ्याने. दोनदा. आणि मला एकट्यालाच बाहेर काढलं. बाकीचे माझ्याकडे कसे पाहत होते, सांगू?"

"तुला फाशी दिली असती."

"मग द्यायची होती! मला सोडवायला तुला सांगितलं कुणी?"

 आतून मिना आली. तिच्या हातात सोललेला अर्धा बटाटा होता.

"मी," ती म्हणाली.

पाउल तिच्याकडे वळला.

"मी सांगितलं. तो नको म्हणत होता. मी लिहा म्हटलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. तुला हुतात्मा व्हायची हौस, आणि मी काय करायचं? तुझा फोटो लावून त्याला हार घालायचा?"

"तू?" पाउल म्हणाला. "तू त्या चाळीत होतीस. तू शेजारच्या हेलेनेला चादरीत..."

"हो. म्हणूनच. एकीला गुंडाळलं, दुसऱ्याला गुंडाळायची ताकद नव्हती माझ्यात."

खाली छापखाना खडखडत होता. पाउल भिंतीला टेकला. हेबडनला वाटलं हा आता रडेल, पण तो रडला नाही. त्याने पायाने एक स्टूल हेबडनकडे लोटलं.

"बस. लिही. आणि मधे बोलू नकोस, तुझा आवाज नको वाटतोय मला."

मग त्याने सांगायला सुरुवात केली. कोण कुठल्या मजल्यावर राहत होतं, कोणती भिंत आधी पडली, कोण कोठडीत मार खाऊन मेलं. प्रत्येक नाव तो दोनदा म्हणायचा आणि हेबडनने ते बरोबर लिहिलंय की नाही ते वाकून पाहायचा. बटाटे उकडले. मिनाने तीन ताटल्या मांडल्या. पाउल आपली ताटली घेऊन खिडकीपाशी जाऊन, पाठ करून जेवला. तिच्याशी तो एक शब्दही बोलला नाही.

हेबडनने ती हकिकत ब्रनोहूनच पाठवली. पेटिग्रूने छापली, पण आतल्या पानावर, बाजारभावांच्या वर, निम्मी कापून. त्याचा नाइलाज होता. 'रेकॉर्डर'ने दोन ओळींत निकाल लावला: हे तेच बातमीदार, ज्यांनी आपली याच विषयावरची आधीची बातमी स्वतःच मागे घेतली होती. वाचकांनी काय ते समजून घ्यावं. आणि वाचकांनी ते समजून घेतलं.

व्हिएन्नाला परतल्यावर देश सोडण्याचा हुकूम त्याची वाट पाहत होता. सामान भरून तो शेवटचं कॅफेत गेला. फेन एकटाच बसला होता.

"ऐकलं," फेन म्हणाला. "वाईट झालं. खरंच. बस ना."

हेबडन उभाच राहिला. "एकच विचारायचंय. तुला कधी कळलं की मी लिहिलं ते खरं होतं?"

"सोमवारीच," फेन म्हणाला. त्याने साखर ढवळली. "मंत्र्याच्या जेवणघराच्या काचा थरथरत होत्या. दारू नसलेल्या गोळ्याने काच थरथरत नाही, एवढं मला कळतं. मी फ्रान्समध्ये तोफखान्यात होतो."

हेबडनने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. खुर्चीसकट फेन मागे पडला, चष्मा टेबलाखाली गेला. दोन वेटर धावत आले. फेनने त्यांना हातानेच थांबवलं, रुमाल नाकाला लावला आणि जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "जाऊ द्या त्यांना. त्यांची गाडी चुकेल."

गाडीत हेबडनची बोटं सुजून आली. एरवी कुणावर हात उचलला की त्याला दुसऱ्या दिवशी लाज वाटायची. या वेळी त्याने वाट पाहिली, पण लाज काही आली नाही. सरहद्दीवर शिपायाने त्याच्या पासपोर्टवर शिक्का मारला, चेहरा नीट पाहून घेतला आणि विचारलं, "परत येणार?"

"नाही," हेबडन म्हणाला. मग इंग्रजीत एक शिवी हासडली.

शिपायाला ती कळली नाही. त्याने सलाम ठोकला आणि पुढच्या डब्याकडे गेला.